गळती कुठल्या पाण्याची?

फेब्रुवारीतली ती सकाळ इतकी लख्ख होती की समोरच्या घराच्या छपरावरच्या बर्फाकडे बघवत नव्हतं. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. आदल्या नऊ दिवसांत पाऊस तर सोडाच, नवा बर्फही पडला नव्हता. आणि वहिनीच्या घरात, जिन्याच्या वरच्या टोकाला, छतातल्या काचेच्या खिडकीच्या कोपऱ्यातून टपटप पाणी गळत होतं. वहिनीनं सवयीनं पातेलं आणून खाली ठेवलं आणि पुन्हा निवडणाची ताटली हातात घेतली. तिला या गळतीचं नवल राहिलं नव्हतं. मला मात्र त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं, की आपण या घराला गेले तीन महिने चुकीचा प्रश्न विचारतो आहोत.

घर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहराबाहेरच्या एका वस्तीत. दादानं ते घेतलं तेव्हाच जुनं होतं, १९८० च्या दशकात बांधलेलं. घेताना त्यानं शाळा, बाजार वगैरे काही पाहिलं नसावं. त्यानं पाहिल्या त्या छतातल्या दोन खिडक्या, ज्यांना तिकडे स्कायलाइट म्हणतात. एक जिन्यावर आणि एक स्वयंपाकघरात. आमच्या रत्नागिरीकडच्या घरात माजघरावर दोन काचेची कौलं होती. दुपारी त्यांतून उन्हाचे दोन चौकोन खाली उतरायचे आणि जमिनीवरून सरकत जायचे. दादाला ते चौकोन हवे होते.

दादाला जाऊन चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत खिडक्यांच्या कडेचा पत्रा दोनदा बदलून झाला होता, दोन वेगवेगळ्या कारागिरांकडून. गळती थांबली नव्हती. तिसऱ्यानं सरळ सांगितलं, की दोन्ही खिडक्या काढा, भोकं बुजवा, वरून छप्पर सलग करून टाका. साडेसहा हजार डॉलर. भाच्याला ते पटलं होतं. "आत्या, भावना वेगळ्या आणि बुरशी वेगळी," तो मला म्हणाला. त्याचं चुकीचं नव्हतं. जिन्याच्या भिंतीवर काळे ठिपके धरू लागले होते आणि वहिनीला दम्याचा त्रास आहे. मी सहा महिने राहायला आले होते. मी त्याच्याकडून एक हिवाळा मागून घेतला.

मी अभियंता नाही. गेली वीसेक वर्षं मी कोकणातल्या कौलारू घरांची मापं घेत, सुतारांना आणि शाकारणी करणाऱ्यांना प्रश्न विचारत हिंडते आहे. जे काही शिकले ते त्यांच्याकडून आणि वाचनालयांतून. छपराची भाषा मला थोडीफार कळते असा माझा समज होता. तो समज घेऊन मी मिनेसोटात उतरले, आणि तिथेच माझी पहिली चूक झाली.

कोकणात पाणी एकाच बाजूनं येतं, वरून. शाकारणीचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे. एका कौलाचं ओठ दुसऱ्यावर किती चढलं आहे, पाखीला उतार किती आहे, कोनाड्यातली पन्हळ कुठे फुटली आहे, एवढं बघितलं की झालं. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला आणि पुढे खाचेची मंगलोरी कौलं कोकणभर पसरली. त्यांनी नळीच्या कौलांपेक्षा काम सोपं केलं, पण तत्त्व तेच राहिलं. छप्पर पाणी अडवत नाही, ते पाण्याला खाली वाट काढून देतं. कौलांच्या फटींतून वारा आरपार खेळतो. चुलीचा धूर, भाताची वाफ, ओल्या कपड्यांचा दमटपणा सगळं त्याच फटींतून निघून जातं. घराच्या आतल्या पाण्याचा हिशेब कुणाला मांडावाच लागत नाही.

म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या खालच्या कडेनं पाण्याचा ओघळ आला, तेव्हा मी मनाशी म्हटलं, फट आहे. दिवस जरा बरा होता, एका कामगाराला बोलावलं, आणि माझ्या सांगण्यावरून त्यानं चौकटीच्या खालच्या अंगाला जिथे जिथे भोक दिसलं तिथे तिथे सिलिकॉन भरलं. आठवड्याभरात ओघळ दुप्पट झाला.

ती भोकं मुद्दाम ठेवलेली होती. बऱ्याच स्कायलाइटांच्या चौकटीत आतल्या बाजूला, काचेच्या खालच्या कडेला, एक बारीक पन्हळ असते. काचेवर दव धरलं की ते घसरून त्या पन्हळीत जमतं आणि निचऱ्याच्या भोकांतून बाहेर छपरावर पडतं. खिडकी बनवणाऱ्यानं आतल्या पाण्याची सोय आधीच करून ठेवली होती. मी ती बाहेरून बुजवली, त्यामुळे पन्हळ भरून घरात सांडू लागली. मग एका दुपारी त्याच कामगाराला पुन्हा बोलावून टोकदार लाकडी काडीनं ते सिलिकॉन उकरून काढायला लावलं. त्यानं दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत, हा त्याचा मोठेपणा.

त्या दिवशी मी वही घातली. रकाने साधे होते: तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, आतलं तापमान, आतली आर्द्रता, आकाश, वारा, छपरावर बर्फ किती, आणि पाणी कुठून, किती. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र तिथल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पिस्तुलासारखा एक तापमापकही घेतला; काचेकडे रोखला की पृष्ठभागाचं तापमान सांगतो. चकचकीत धातूवर तो फसतो, म्हणून चौकटीवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर रोखायचा, हे दोन दिवस भलतेच आकडे लिहिल्यावर कळलं.

महिन्याभरात वहीनं पहिली गोष्ट सांगितली. स्वयंपाकघरातली खिडकी पावसाशी किंवा बर्फाशी बांधलेली नव्हती, ती थंडीशी बांधलेली होती. बाहेर उणे पाचला कोरडी. उणे पंधराला खालच्या कडेवर धूसर पट्टा. उणे चोवीसच्या सकाळी, निरभ्र आकाशाखाली, ओघळ.

याचं गणित पाठ्यपुस्तकातलंच आहे, पण ते घरात घडताना पाहिल्यावर वेगळं कळतं. वीस अंशांची हवा एका घनमीटरात सुमारे १७ ग्रॅम वाफ धरू शकते, शून्य अंशाची जेमतेम ५, आणि उणे वीसची सुमारे १. हवा थंड झाली की तिची ओंजळ लहान होते, जास्तीचं पाणी तिला सोडावंच लागतं. ज्या तापमानाला ती सोडू लागते तो तिचा दवबिंदू. वहिनीच्या स्वयंपाकघरात २१ अंश आणि ४२ टक्के आर्द्रता होती, म्हणजे दवबिंदू साडेसात अंशांच्या आसपास. त्या उणे चोवीसच्या सकाळी जुन्या दुहेरी काचेचा मधला भाग ७ अंशांवर होता आणि खालची कड १ अंशावर. कड नेहमीच जास्त थंड असते, कारण दोन काचांमध्ये जी पट्टी असते ती जुन्या खिडक्यांत अॅल्युमिनियमची असते आणि अॅल्युमिनियम उष्णता झटकन बाहेर पोचवतं. शिवाय भाच्यानं उष्णता वाचावी म्हणून खिडकीला जाड कापडी पडदा लावला होता. तो रात्री ओढला की घरातली ऊबदार हवा काचेपर्यंत पोचत नव्हती, काच आणखी गार पडत होती, आणि वाफ मात्र कापडातून आणि कडांतून आत शिरतच होती. पडदा उघडा ठेवल्यावर निम्मा ओघळ कमी झाला. एवढं साधं.

हे सांगितल्यावर वहिनीचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या वरणभातानं छप्पर गळतंय म्हण की." ती लाडात किंवा रागात असली की मला वन्सं म्हणते, त्या संध्याकाळी तिनं दोनदा वन्सं म्हटलं. तिच्या बोलण्यात तथ्य होतं. चार माणसांच्या घरात श्वास, अंघोळी, स्वयंपाक, भांडी, आतच वाळणारे कपडे मिळून दिवसाला आठ-दहा लिटर पाण्याची वाफ होते असा सर्वसाधारण हिशेब धरतात. आपला स्वयंपाक उकळण्याचा, कुकरच्या शिट्ट्यांचा. त्यातून चुलीवरचा पंखा हवा बाहेर न टाकता जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडणारा. आणि नाक कोरडं पडतं म्हणून झोपायच्या खोलीत रात्रभर वाफेचं यंत्र चालू. मिनेसोटा विद्यापीठातल्या जुन्या प्रयोगांवरून केलेला एक तक्ता त्या भागात सर्रास वापरला जातो. दुहेरी काचेच्या घरात बाहेर उणे अठरा ते उणे बारा असेल तर आत ३० टक्क्यांपेक्षा जास्त आर्द्रता नको, आणि उणे तेवीसच्या खाली गेलं तर २० टक्के पुरे. दमेकरी माणसाला २० टक्के सोसत नाही. तेव्हा नुसतं वाफेचं यंत्र बंद कर असं सांगून मोकळं होणं मला बरं वाटेना. आम्ही ते यंत्र तिच्या खोलीपुरतं ठेवलं, दार लावून, आणि कडाक्याच्या रात्री एक पायरी खाली.

*

या प्रश्नाला इतिहास आहे, आणि योगायोगानं तो वहिनीच्या घरापासून फार लांब घडलेला नाही. गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात अमेरिकेत घरांच्या भिंतींमध्ये उष्णतारोधक थर भरायला सुरुवात झाली, आणि काही घरांचा बाहेरचा रंग पोपडे होऊन सुटू लागला. रंगारी म्हणू लागले, हा थर पाणी ओढून घेतो. मिनेसोटा विद्यापीठातले फ्रँक रोली यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर प्रयोग केले आणि दाखवलं की पाणी घरातल्या वाफेचं आहे. थरामुळे भिंतीचा बाहेरचा भाग जास्त थंड राहू लागला, आणि वाफ तिथे जाऊन थिजू लागली. त्यातून वाफ अडवणाऱ्या पडद्याची कल्पना रुजली. विल्यम रोझ यांनी 'वॉटर इन बिल्डिंग्ज' या २००५ सालच्या पुस्तकात ही सगळी कथा, तिच्यातल्या वादांसकट, मांडली आहे.

पुढचं पाऊल मुख्यतः कॅनडात पडलं. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या इमारत-संशोधन विभागानं १९६० पासून चार-चार पानांच्या पत्रिका काढल्या, सामान्य बांधकाम करणाऱ्यांना वाचता येतील अशा. पहिलीच पत्रिका नील हचन यांची, इमारतींतल्या आर्द्रतेवर. अशा देशी भाषेतल्या पत्रिका आपल्याकडे गळतीवर कुणी काढल्या असत्या तर, असं वाचताना राहून राहून वाटत होतं. त्या परंपरेतून हळूहळू पक्कं झालं ते असं, की भिंतीच्या किंवा छताच्या अंगातून झिरपणारी वाफ थोडी. खरी वाफ फटींमधून, हवेच्या पाठीवर बसून जाते. कॅनडाचे अभियंते जोसेफ ल्स्टिब्युरेक यांच्या लिखाणातलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. थंड प्रदेशात आठ फूट बाय चार फूट प्लास्टरच्या फळ्यातून अख्ख्या हिवाळ्यात झिरपून जाणारं पाणी सुमारे एक तृतीयांश लिटर. त्याच फळ्याला एक चौरस इंचाचं भोक असेल तर त्यातून हवेबरोबर जाणारं पाणी जवळजवळ २८ लिटर.

हा आकडा वाचला आणि मला जिन्यावरची खिडकी आठवली.

*

स्वयंपाकघराचं छत उतरतं आहे, खिडकी थेट त्यात बसलेली. जिन्यावर तसं नाही. तिथे आधी सपाट छत, त्यावर मोकळा माळा, आणि त्याच्यावर खरं छप्पर. छपरातल्या खिडकीपासून खालच्या छतापर्यंत, माळ्याच्या पोटातून, प्लास्टरच्या फळ्यांची एक चौकोनी विहीर उतरवलेली आहे. उजेडाची विहीर. तिच्या चार भिंतींच्या आत घराची २१ अंशांची हवा, आणि बाहेर माळ्याची उणे पंधराची. म्हणजे खरं तर त्या घराच्या बाहेरच्या भिंतीच आहेत, पण बांधणाऱ्यानं त्यांना तसं वागवलं नव्हतं. माळ्यावर गेले तेव्हा दिसलं, की एका भिंतीवरचा काचलोकरीचा थर घसरून खाली पडला होता आणि विहिरीच्या वरच्या तोंडाशी, चौकट आणि फळा यांच्यामध्ये, माझं बोट जाईल एवढी फट होती.

त्या फटीशी हवा ओढ घेते. उबदार हवा हलकी, ती वर जाते. सगळं घर धुराड्यासारखं वागतं. खालच्या दारांच्या फटींतून गार हवा आत येते आणि वरच्या फटींतून गरम, दमट हवा बाहेर पडते. जिन्यावरची छतखिडकी हे घराचं सगळ्यात उंच टोक. घराचा श्वास तिथून सुटत होता.

तो श्वास माळ्यावर जाऊन काय करत होता, ते त्या लख्ख सकाळच्या आधल्याच आठवड्यात मी पाहिलं होतं आणि मला त्याचा अर्थ लागला नव्हता. विजेरी मारली तर छपराच्या फळ्यांतून खाली आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर पांढरा गोंडा होता. वाशांवर, फळ्यांवर, विहिरीच्या वरच्या कडेभोवती साखर पेरल्यासारखं दहिवर. मला ते सुंदर वाटलं, मी फोटोही काढला. २१ अंश आणि ४० टक्के आर्द्रतेची एक घनमीटर हवा सात ग्रॅमांहून थोडी जास्त वाफ घेऊन निघते. उणे पंधराच्या माळ्यावर तिला दीड ग्रॅमही धरता येत नाही. उरलेली जवळजवळ सहा ग्रॅम गोठून बसते. तासाला पाच घनमीटर हवा निसटते असं धरलं तर दिवसाला ७०० ग्रॅम. काही वाफ माळ्याच्या झरोक्यांतून निघून जाते हे मान्य केलं, तरी नऊ दिवसांच्या कडाक्यात काही लिटर पाणी छपराच्या आतल्या अंगाला बर्फ होऊन चिकटलेलं असणार. दहाव्या दिवशी ऊन तापलं. छपराची दक्षिणेकडची पाखी शून्याच्या वर गेली, आणि सगळं दहिवर एकदम वितळलं. त्या प्रदेशातले लोक याला माळ्यावरचा पाऊस म्हणतात. म्हणूनच वहिनीकडे गळती नेहमी उन्हाच्या दिवशी व्हायची, आणि म्हणूनच कारागीर यायचा तोवर थांबलेली असायची.

खात्री करून घ्यायला आम्ही विहिरीच्या खालच्या तोंडाला पारदर्शक प्लास्टिक ताणून चारी कडांना चिकटपट्टी लावली. पाणी खोलीच्या हवेतून येत असेल तर ते प्लास्टिकच्या खालच्या अंगाला धरेल, वरून येत असेल तर वर साचेल. पुढच्या उन्हाच्या दिवशी प्लास्टिकला वरून पोट आलं. त्यात सुमारे तीन वाट्या पाणी होतं.

माळ्यावर आणखी एक गोष्ट सापडली. न्हाणीघरातल्या पंख्याची नळी छपराबाहेर नेलेलीच नव्हती. ती काचलोकरीवर आडवी पडली होती, तोंड विहिरीकडे करून. गेली कित्येक वर्षं या घरातली प्रत्येक अंघोळ माळ्यावर सोडली जात होती.

*

बर्फाच्या बांधाचा प्रकार यापेक्षा प्रसिद्ध आहे, म्हणून त्यावर थोडक्यात लिहिते. छपरावरचा बर्फ स्वतःच गोधडीचं काम करतो. खालून उष्णता झिरपली की त्याचा तळ वितळतो, पाणी शिंगलांवरून खाली वाहत वळचणीशी येतं. वळचण घराच्या भिंतीबाहेर असते, तिच्याखाली ऊब नसते, म्हणून तिथे ते पुन्हा गोठतं. थराथरानं बांध तयार होतो, त्यामागे तळं साचतं. डांबरी शिंगल आपल्या कौलांच्याच जातीचे. वाहतं पाणी उतरवून देतात, साचलेलं पाणी अडवणं त्यांचं काम नाही. तळं वर चढत शिंगलांच्या खाली शिरतं. पागोळ्यांसारखे लटकणारे बर्फाचे लोलक फोटोत फार छान दिसतात, पण ते बहुतेक वेळा घर खालून तापतं आहे याची खूण असतात. न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हरला अमेरिकी सैन्याची शीतप्रदेश-संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथल्या वेन टोबायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष इमारतींवर मोजून एक उपयुक्त मर्यादा दिली: बाहेर उणे साडेपाच अंश असताना माळा उणे एकच्या आसपास किंवा त्याखाली राहील अशी हवा खेळवा, म्हणजे वळचणीवरचा त्रास बराचसा टळतो.

छतखिडकी ही या बाबतीत छपराच्या मध्यावरची एक छोटी चूल असते. काचेतून आणि विहिरीच्या भिंतींतून सुटणारी उष्णता तिच्याभोवतीचा बर्फ वितळवते, आणि पाणी चार हात खाली जाऊन पुन्हा गोठतं. वहिनीच्या खिडकीखाली असा एक बुटका बांध होता, पण त्या हिवाळ्यात तळं खिडकीपर्यंत चढलं नाही. भाचा लांब दांड्याच्या फावड्यानं जमिनीवर उभं राहून वळचणीचा बर्फ ओढून काढायचा, ते पुरलं. बर्फाळ छपरावर कुणी चढू नये आणि बांध कुऱ्हाडीनं तोडू नये. शिंगल आधी तुटतात.

इथपर्यंत मला वाटत होतं की बाहेरचं पाणी निर्दोष आहे. एप्रिलमध्ये पहिला वादळी पाऊस झाला आणि जिन्यावर पुन्हा गळालं. माळ्यावर दहिवर नव्हतं, बर्फ केव्हाच गेला होता. हे पाणी खरोखरच पावसाचं होतं.

इथे मात्र रत्नागिरी उपयोगी पडली. पाणी टपकतं तिथे भोक नसतं, हे मला शाकारणी करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पाणी वाशाच्या पोटाला धरून हातभर, कधी दोन हात चालतं आणि मग सोडतं. मे महिन्यात आम्ही नळी लावून तपासलं. याची रीत ठरलेली आहे. खालून सुरू करायचं. आधी फक्त खिडकीखालचा भाग भिजवायचा, दहा-पंधरा मिनिटं. आत एकानं विजेरी घेऊन बसायचं. मग डावी बाजू, मग उजवी, मग वरची कड. घाई करून सगळीकडे एकदम पाणी मारलं तर काहीच कळत नाही. भाचा शिडीवर, मी माळ्यावर. खिडकीच्या चारही कडा कोरड्या राहिल्या. दोनदा बदललेला तो पत्रा उत्तम बसवलेला होता. मग नळी आणखी सहा फूट वर गेली, सांडपाण्याच्या वायूची नळी जिथे छपरातून बाहेर येते तिथे. चारेक मिनिटांत वाशाच्या अंगावर ओली रेघ उतरली, वाशावरून सरकत खाली आली आणि विहिरीच्या कोपऱ्याशी येऊन टपकली. त्या नळीभोवती रबराची एक गळपट्टी असते. ती उन्हानं तडकली होती. बदलायला तीस डॉलरच्या आत खर्च आला.

म्हणजे एका घरात तीन पाणी होती आणि तिन्ही खिडकीच्या नावावर जमा होत होती. त्यांना वेगळं केलं ते कुठे गळतं या प्रश्नानं नाही, केव्हा गळतं या प्रश्नानं. कडाक्याच्या सकाळी काचेच्या कडेला असेल तर घराचं दव. कडाक्यानंतरच्या पहिल्या उन्हात असेल तर माळ्यावरचं दहिवर, आणि छपरावर जाड बर्फ असेल तर बांधामागचं तळं. वाऱ्यापावसात असेल तरच पत्रा आणि सांधे, आणि तेही खिडकीच्या वरच्या सगळ्या छपराचे.

उन्हाळ्यातली दुरुस्ती भाच्यानं आणि त्याच्या मित्रानं केली. मी तोवर परत आले होते आणि फोनवरून नको तितक्या सूचना देत होते. क्रमाबद्दल मात्र मी हट्ट धरला. आधी फटी बुजवायच्या, मग थर घालायचा, आणि हवा खेळवायचं शेवटी. उलटं केलं, म्हणजे फटी तशाच ठेवून आढ्यावर नवे झरोके पाडले, तर माळा घरातली हवा आणखी जोरानं ओढून घेऊ शकतो. विहिरीच्या चारही भिंतींना माळ्याच्या बाजूनं कडक फोमचे फळे लावून सांधे पट्टीनं बंद केले. चौकटीभोवतीच्या फटीत कमी फुगणारा फोम भरला. जास्त फुगणारा चौकट वाकवतो. न्हाणीघराची नळी थर गुंडाळून छपराबाहेर नेली. माळ्याच्या झाकणाला रबरी पट्टी लावली. वळचणीतल्या झरोक्यांवर काचलोकर सरकून बसली होती, ती मागे घेतली. स्वयंपाकघरातला पंखा बाहेर हवा टाकणारा बसवला. सगळ्यात जास्त खर्च त्याचाच झाला, तरी एकूण बेरीज साडेसहा हजारांच्या निम्म्यालाही पोचली नाही. शिंगलांचं आयुष्य अजून पाच-सहा वर्षं आहे. ते बदलतील तेव्हा वळचणीवर आणि दोन्ही खिडक्यांभोवती, चौकटीवर चढवून, चिकट डांबरी पडदा घालायचा आहे. बर्फाच्या प्रदेशांत वळचणीपासून भिंतीच्या आत किमान २४ इंचांपर्यंत असा अडसर असावा, असं अमेरिकेतल्या घरबांधणीच्या आदर्श नियमावलीत आहे. खिडकीभोवती तो घालणं हा शहाणपणाचा भाग. स्वयंपाकघरातली जुनी काच त्याच वेळी बदलू.

डेन्मार्कच्या व्हिलुम कान रासमुसेन यांनी १९४१ मध्ये आपली कंपनी काढली आणि माळ्यांत राहता यावं म्हणून छतखिडक्या बनवायला घेतल्या. त्यांनी खिडकीला नाव दिलं व्हेलक्स. 'व्हेंटिलेशन' मधला व्हे आणि उजेडासाठी लॅटिन 'लक्स'. नावात हवा आधी आहे. वहिनीच्या खिडक्या त्या जातीच्या नाहीत, त्या उघडत नाहीत.

वही आता वहिनी लिहिते. आर्द्रतेचा रकाना तिला आवडला नव्हता, तरी ती भरते. गेल्या फेब्रुवारीत आठ दिवसांच्या उणे वीस-बावीसनंतर ऊन पडलं, त्या दिवशी तिनं मला फोनवर नोंद वाचून दाखवली: सकाळी दहा, ऊन, वारा नाही, छपरावर बर्फ वीतभर, माळा भाच्यानं पाहिला, दोन-चार खिळ्यांवर पांढरं, बाकी कोरडा. जिन्यावर काही नाही. स्वयंपाकघरात खालच्या कडेला ओल, आपोआप गेली. आणि शेवटच्या रकान्यात, जिथे पाणी किती ते लिहायचं असतं, तिथे तिनं लिहिलं होतं: आज आमटी केली होती.